नको नको म्हणणारी नायिका

भाषा शिकवायला सिनेमा दाखवावा, ही कल्पना माझीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे जे झालं त्या प्रत्येक वेळी लोकांनी "सरांची कल्पना!" असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवलंय, आणि आता कानावर हात ठेवून काही उपयोग नाही.

सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी संध्याकाळी भाषेचा वर्ग घेतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरातच बसणार होतो, पण आमच्या हिने ते होऊ दिलं नाही. "दिवसभर माझी वाक्यं दुरुस्त करत बसता, त्यापेक्षा ज्यांना गरज आहे त्यांची करा," असं म्हणून तिने माझी पिशवी भरून मला दाराबाहेर काढलं. वर्गात येतात ती मोठी माणसं. कामधंद्यासाठी लांबून आलेली, आपली भाषा न येणारी. एक बस कंडक्टर, एक प्लंबर, दोघी नर्स, आणखी काही जण, आणि शिवणबाई.

शिवणबाई कपडे दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या. त्यांना दवाखान्याच्या शिवणखोलीत कायमची जागा हवी होती. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन शिवायचे, फाटलेले सांधायचे. जागा मिळाली तर दवाखान्याच्या मागे राहायला खोली मिळणार होती, आणि खोली मिळाली तर गावी बहिणीकडे ठेवलेली मुलगी आणता येणार होती. आता दुकानातच पोटमाळ्यावर झोपणाऱ्या बाईने मुलीला आणून ठेवायचं कुठे? वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. बाकीच्यांनी "मी प्लंबर आहे," "मी बसवर आहे," असं सांगितलं. शिवणबाई उभ्या राहिल्या आणि अडखळत म्हणाल्या, "माझी मुलगी आता मावशीला आई म्हणते." व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होतं. मी "छान" म्हणालो आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

तर सिनेमा. आमचं पाठ्यपुस्तक "हे टेबल आहे, टेबल लाकडाचे आहे" असं सुरू व्हायचं. टेबल लाकडाचं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. त्यात कुणाला काही जाणून घ्यायची ओढ वाटेना, आणि ओढ नसेल तर भाषा कशी येणार? तेव्हा मला आपल्या भाषेतली ती जुनी कादंबरी आठवली. मी ती जन्मभर शाळेत शिकवली. तिच्यावर सिनेमाही निघालाय, एकदा नव्हे, दोनदा. भाषा भारदस्त, चालीरीती सगळ्या पाहायला मिळतात, शिवाय डोळ्यांना चित्र दिसतं. भाषा आणि संस्कृती एका तिकिटात!

ही गोष्ट मी जिन्यात सहज बोललो आणि चूक केली. आमच्या शेजारी राहतात ते ऑडिटरसाहेब. नोकरी संपली तरी त्यांचं ऑडिट संपलेलं नाही.

"जुना सिनेमा दाखवणार? काळा-पांढरा?" ते म्हणाले. "नवा दाखवा. रंगीत आहे."

"नव्यात नायिका घोड्यावर बसते. कादंबरीत घोडा नाही."

"असता तर बसली असती की! घोडा लेखकाने दिला नाही, त्यात तिचा काय दोष?"

मी तरीही जुनाच निवडला. ऑडिटरसाहेब म्हणाले, "मग मी येऊन बघतो, कसं काय चाललंय ते," आणि खरोखरच रोज मागच्या बाकावर येऊन बसू लागले.

खरा अडसर होता ग्रंथपाल. हा गृहस्थ स्वभावाने वाईट नाही, पण नियम दिसला की त्याला राहवत नाही. "सर, वरच्या सभागृहात शिक्षणाला परवानगी आहे. करमणूक करायची असेल तर अग्निशामक दलाचा दाखला लागेल."

"अहो, पण हे शिक्षणच आहे."

"लोक हसणार का?"

"एखाद्या जागी हसतील."

"मग बघा बुवा," असं म्हणून तो फार गंभीर झाला. बरीच घासाघीस झाल्यावर असं ठरलं, की सिनेमा थोडा थोडा दाखवायचा, थांबवायचा आणि प्रश्न विचारायचे. प्रश्न विचारला म्हणजे शिक्षण झालं. तो स्वतः दारात उभा राहायचा आणि कुणी सलग दोनदा हसलं की खाकरायचा. मी ताबडतोब सिनेमा थांबवून विचारायचो, "नायिकेने हातात काय धरले आहे?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "नायिकेने हातात दिवा धरला आहे." ग्रंथपाल समाधानाने खाली जायचा.

अशा गतीने सिनेमा पुढे सरकणार तरी किती? पण लोक रंगले होते. आणि त्यांना सगळ्यात आवडला तो नकाराचा प्रसंग.

कादंबरी ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळच्या त्या घराण्यात कुणी काही देऊ केलं तर लगेच घ्यायचं नाही अशी रीत असते. पाहुण्याला "बसा" म्हटलं तर तो तीनदा नको म्हणून चौथ्यांदा बसतो. गोष्ट जितकी हवीशी, तितका नकार गोड. नायिकेचं ज्याच्यावर मन जडलंय तोच तिला मागणी घालतो, आणि ती नजर खाली वळवून म्हणते, "आपला लोभ मोठा आहे, पण मी त्या योग्यतेची नव्हे." तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा तेच म्हणते. काय तो आवाज, काय ती नजर! उच्चारांसाठी म्हणून हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा दाखवला. सगळ्यांकडून पाठ करून घेतला. कंडक्टरची नजर खाली वळवण्याची ढब तर नटीपेक्षाही बरी होती.

आणि समजावून सांगताना मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "आपल्याकडे सभ्य माणूस लगेच हो म्हणत नाही. लगेच हो म्हणणारा हावरट दिसतो." आपल्याकडे म्हणालो. त्या काळी म्हणालो नाही. मागच्या बाकावरून ऑडिटरसाहेबांनीही मान डोलावली, म्हणजे हिशेब तपासूनच चूक पुढे गेली.

तिसरा नकार झाला आणि सभागृहाचं रंगकाम निघालं. ग्रंथपाल म्हणाला, "भिंती वाळेपर्यंत वर्ग बंद." भिंती काही लवकर वाळल्या नाहीत, कारण आधी रंगारी यायला हवे होते. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनी सिनेमा अर्धाच पाहिला होता. उरलेल्या अर्ध्यात त्या नकारांचं पुढे काय होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अर्धा धडा घेऊन ही मंडळी गावात मोकळी सुटली.

पहिली तक्रार बस डेपोतून आली. आमचा कंडक्टर गर्दीच्या वेळी दारात उभा राहून हात जोडून म्हणे, "थोर जनहो, आपण पुढे सरकण्याची कृपा केलीत तर हा सेवक आजन्म ऋणी राहील." एका आजीबाईंनी त्याला भरभरून आशीर्वाद दिला, पण बाकीच्यांना वाटलं की हा आपली टिंगल करतोय. डेपो मॅनेजरने मला बोलावून घेतलं आणि उभंच ठेवून विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?" मी म्हणालो, "भाषा शुद्ध आहे." तो म्हणाला, "शुद्ध आहे हो, पण बस हलत नाही ना त्याने!" माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या भाषेबद्दल कुणी तक्रार केली नव्हती.

मग प्लंबर. ऑडिटरसाहेबांच्या घरी मोरीचा नळ गळत होता. त्यांनी वर्गातली ओळख म्हणून त्याला बोलावलं आणि विचारलं, "एवढं काम करून द्याल का?" प्लंबरने नजर खाली वळवली. "आपला लोभ मोठा आहे, पण मी त्या योग्यतेचा नव्हे." ऑडिटरसाहेबांना वाटलं, याला खरंच जमत नसेल. त्यांनी दुसरा प्लंबर बोलावला. आमचा बिचारा पान्हा हातात घेऊन जिन्यात थांबून राहिला, की आता परत विचारतील, मग परत विचारतील. हे ऐकून मी खो खो हसलो. हिला सांगितलं तेव्हा तीही हसली, पण हसता हसता मध्येच थांबली आणि म्हणाली, "अहो, त्या शिवणबाईंची मुलाखत होती ना या आठवड्यात?"

माझं हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो. शिवणबाई मशीनवर होत्या. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"सर, मुलाखत फार छान झाली! साहेबांनी माझी शिवण पाहिली, त्यांना आवडली. मग ते म्हणाले, ही जागा आम्ही तुम्हाला देतोय, घ्याल ना?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी मशीन थांबवली, पदराशी हात नेला, नजर खाली वळवली आणि अगदी त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "आपला लोभ मोठा आहे, पण मी त्या योग्यतेची नव्हे." एकही उच्चार चुकला नाही.

"मग साहेब काय म्हणाले?"

"साहेब म्हणाले, ठीक आहे." मग त्यांनी मान वर केली. "सर, आता ते परत कधी विचारतील?"

हिने त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं, त्यांचा हात हातात घेतला आणि साध्या शब्दांत सांगितलं, की कुणी परत विचारणार नाही. असं आता कुणी करत नाही. ते ऐकताना शिवणबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पण सर म्हणाले होते, आपल्याकडे."

"सरांना काय कळतंय!" ही म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, पण त्या दिवशी मला ते तंतोतंत पटलं.

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. वाटेत ऑडिटरसाहेब भेटले, ते "अशा वेळी कायद्याचं माणूस बरोबर असावं" म्हणून स्वतःहून निघाले. खरं तर ते कायद्याचे नव्हेत, पण त्यांना अडवणार कोण? नेमणुका बघणारे साहेब एका अरुंद खोलीत बसत. खोलीत कपाटं जास्त आणि हवा कमी.

"त्या बाई नको म्हणाल्या," साहेब शांतपणे म्हणाले. "मी स्वतः ऐकलं. उमेदवार इच्छुक नाही, असा शेरा मारून दुसऱ्या उमेदवाराचा कागद सहीला वर पाठवला."

"साहेब, ते नको म्हणजे नको नव्हतं."

"मग काय होतं?"

मी कादंबरी सांगायला सुरुवात केली. कथानक, काळ, घराणं, नकाराची रीत, तिच्यातलं सौंदर्य. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी लेखकाच्या शैलीकडे वळणार तोच ते म्हणाले, "मी कादंबऱ्या वाचत नाही. आणि खरं सांगू का, एवढ्या शिकलेल्या माणसाने असलं काहीतरी सांगावं याचं नवल वाटतं. ज्याला हवं असतं तो हो म्हणतो. नको म्हणणारं माणूस आजच्या काळात मला एक दाखवा." मग जरा नरमून म्हणाले, "बसा. चहा घेणार का?"

"छे छे, नको. आत्ताच झाला," मी म्हणालो.

"बरं," साहेब म्हणाले आणि शिपायाला परत पाठवलं.

"कुठे आत्ताच झाला?" ही एकदम उसळली. "साहेब, या माणसाने सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. काळजीने तोंड सुकलंय नुसतं. आणि तरी म्हणतोय झाला! लग्न झाल्यापासून मी हेच बघतेय. याला भाजी हवी असली तरी वाढू का विचारलं की नको. मग मी वाढते, मग खातो. तुम्हाला नको म्हणणारं माणूस बघायचं होतं ना? हे घ्या, समोर बसलंय!"

ऑडिटरसाहेबांनी सवयीने मान डोलावली. माझे कान तापले होते. नवऱ्याची अशी पुराव्यादाखल मांडणी आजवर कुठल्या बायकोने केली नसेल. साहेब माझ्याकडे निरखून पाहत राहिले, आणि मग त्यांनी शिपायाला हाक मारली. "चहा आण रे. सगळ्यांना." माझ्याकडे वळून ते म्हणाले, "विचारत नाहीये. घ्या."

चहा पिताना त्यांनी चौकशी केली. दुसऱ्या उमेदवाराचा कागद वर गेला होता, पण वरचे साहेब रजेवर होते. सही झालेली नव्हती, कुणाला काही कळवलेलंही नव्हतं. कार्यालयाच्या संथ कारभाराला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत. त्या दिवशी मनातल्या मनात दंडवत घातला.

"कागद मी परत मागवू शकतो," साहेब म्हणाले. "पण तुम्ही सांगून नाही. त्यांनी स्वतः येऊन माझ्यासमोर सांगायला हवं. आणि एकदाच विचारणार बरं का. मला चार वेळा विचारायला वेळ नाही."

हिने दुकानात जाऊन शिवणबाईंना आणलं. बाहेरच्या बोळात त्या उभ्या होत्या, बोटांना अजून खडूची पूड लागलेली. मी पुढे होऊन म्हणालो, "हे बघा, साधं बोलायचं. विचारलं की सरळ हो म्हणायचं."

"पण मग मी हावरट नाही दिसणार?"

माझाच शब्द. मी त्यांना नीट फळ्यावर लिहून, अर्थासकट शिकवला होता. आता तो पुसायचा कसा?

"दिसा!" ही म्हणाली. "खुशाल दिसा. पोरीसाठी आई हावरट नाही दिसणार तर काय दगड दिसणार?"

आम्ही आत गेलो. साहेबांनी चष्मा सारखा केला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "तर बाई, मागच्या वेळी आपण..."

"हवी," शिवणबाई म्हणाल्या.

"अहो, मला आधी..."

"मला ही नोकरी हवी. मला खोली हवी. मला माझी मुलगी इथे आणायची आहे. मला शिवण चांगली येते. तुम्ही दुसऱ्याला देऊ नका, मला द्या." आवाज इतका चढला होता, की बाहेरच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघू लागली. नजर कुठेही खाली वळली नव्हती. ही त्यांच्या पाठीमागे उभी राहून डोळे पुसत होती.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बाई, मला प्रश्न तर विचारू द्या," ते म्हणाले, "शेरा लिहावा लागतो." मग त्यांनी रीतसर प्रश्न विचारला, शिवणबाईंनी पुन्हा तितक्याच जोरात "हो" म्हटलं, आणि साहेबांनी शेरा लिहिला.

सभागृहाच्या भिंती शेवटी वाळल्या. वर्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा शिवणबाईंच्या शेजारी त्यांची मुलगी येऊन बसली. अंगावर आईने शिवलेला फ्रॉक, केस घट्ट बांधलेले. ती आईला अजून धड हाक मारत नव्हती. काही हवं असलं की नुसती दंडाला हात लावायची. शिवणबाई तेवढ्यानेही हरखून जायच्या.

मी ठरवलं होतं, की आता सिनेमा शेवटपर्यंत, न थांबवता दाखवायचा. ग्रंथपालाला सांगितलं, "आज करमणूक आहे. काय दाखला मागायचा तो उद्या मागा." तो दाराशी खुर्ची घेऊन बसला.

सिनेमाच्या शेवटी तीन नकार पचवून निघून गेलेला नायक परत येतो. चौथ्यांदा विचारतो. ती हो म्हणते, आणि संगीत भरून येतं. वर्गातले सगळे नाकं ओढत होते. कंडक्टर तर उघड उघड रडत होता.

"सर," शिवणबाईंनी विचारलं, "पुस्तकात पण असंच आहे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या वर्गात मी एकदा अर्धवट सांगून बघितलं होतं. "नाही," मी म्हणालो. "पुस्तकात तो परत येत नाही. ती वाट बघत राहते. म्हातारी होते. सिनेमावाल्यांनी शेवट बदलला."

प्लंबर हळूच म्हणाला, "मी पण जिन्यात थांबलो होतो." कुणी हसलं नाही.

"ती स्वतः का नाही गेली त्याच्याकडे?" शिवणबाईंनी विचारलं.

या कादंबरीवर मी शाळेत ढीगभर प्रश्न काढले. नकारांतून दिसणारा नायिकेचा स्वभाव स्पष्ट करा. प्रतीक्षेतील सौंदर्य उलगडून दाखवा. हा प्रश्न ना मी कधी काढला, ना मला कुणी विचारला. मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. "मला माहीत नाही," मी शेवटी म्हणालो. वर्गात हे वाक्य मी पूर्वी कधी उच्चारलेलं नव्हतं.

मग काय विचारता! एकच गलका झाला. एक नर्स म्हणाली, ती घाबरली असेल. दुसरी म्हणाली, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. कंडक्टर म्हणाला, चूक त्याची, त्याने अजून एकदा तरी विचारायचं. सगळे एकमेकांचं वाक्य तोडत होते, हातवारे करत होते, चुकत होते आणि चुकीसकट पुढे बोलत होते. मी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून ऑडिटरसाहेब उठले. "हे बघा," ते सगळ्यांना शांत करत म्हणाले, "मुद्दा नीट समजून घ्या. ती गेली असती तर कादंबरीच झाली नसती."

शिवणबाईंनी पेंगुळलेल्या मुलीला उचलून खांद्यावर घेतलं होतं. त्या दारापाशी थांबल्या आणि वळल्या.

"नसती झाली तर नसती झाली," त्या म्हणाल्या. "घरी तरी गेली असती ना ती."

आणि मुलीचा फ्रॉक सारखा करत त्या जिना उतरून गेल्या.